अकराव्या दिवसाची सोबत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या हंगामात सौद्यांची गडबड थोडी ओसरली, की अडते, खरेदीदार, हमाल आणि गाडीवाले चहाच्या गाड्याभोवती जमतात. चहा अर्धा होतो, खिशातून पाकीट किंवा बिडीचे बंडल निघते, एकाच काडीवर तिघांचे काम भागते. या गर्दीपासून थोड्या अंतरावर, एका बंद गाळ्याच्या पायरीपाशी चौघेजण उभे असतात. चहा त्यांच्याही हातात असतो. मात्र पायरीवर मधोमध भाजलेल्या बडीशेपेची डबी ठेवलेली असते. चहा संपला की त्यांच्यात एक ठरलेला प्रश्न विचारला जातो : "काल किती?" उत्तर बहुतेक वेळा "शून्य" असते. ज्या दिवशी ते तसे नसते, त्या दिवशी चौघेही आपापल्या कामावर थोडे उशिरा परततात.

चौघांपैकी एक हळदीचे अडते, एक गुळाचे व्यापारी, एक बेदाण्याचा तरुण दलाल आणि चौथे हमालांचे मुकादम. नावे येथे देण्याचे कारण नाही. त्यांच्यापैकी दोघांच्या घरी ही हकिकत अजून पुरती सांगितलेली नाही. अडत्यांना सारे यार्ड ‘आण्णा’ म्हणते, म्हणून येथेही तसेच म्हणू.

आण्णांचे वय छप्पन्न. पेढी तिसऱ्या पिढीची, घर कडक शिस्तीचे. सूर्यास्तानंतर घरात कोणी जेवत नाही. कांदा, लसूण, बटाटा उंबऱ्याच्या आत येत नाही. अशा घरातला हा कर्ता पुरुष गेली तीस वर्षे रोज दहा-बारा सिगारेटी ओढत होता. महाविद्यालयात लागलेली सवय वखारीच्या मागे आणि रात्री गच्चीवर जपली गेली होती. सूर्यास्तापूर्वी जेवायचे, आणि दहा वाजता ‘शतपावलीला जातो’ असे सांगून गच्चीवर जायचे, हा वर्षानुवर्षांचा क्रम. खिशात नेहमी चार लवंगा आणि दोन रुमाल. एक रुमाल नेहमीचा. दुसरा ओढून झाल्यावर तोंड आणि बोटे पुसण्याचा.

दोन वर्षांपूर्वी सौद्याच्या वेळीच छातीत कळ आली. रुग्णालयात नेल्यावर डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. मधुमेह? रक्तदाब? तंबाखू, सिगारेट? खाटेच्या पायथ्याशी चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील हातात जपमाळ घेऊन बसले होते. आण्णा "नाही" म्हणाले. कागदावर तशी नोंद झाली. अँजिओप्लास्टी होऊन दोन स्टेंट बसले आणि आण्णा घरी आले तेव्हा त्यांच्या फाइलमध्ये छापील शब्द होते : व्यसन – नाही. एका खोट्या नोंदीवर पुढचा सगळा हिशेब उभा राहिला. ज्या रुग्णाला व्यसनच नाही, त्याला ते सोडण्याचा सल्ला कोण देणार, औषध कोण लिहून देणार? घरी आल्यानंतर अठराव्या दिवशी आण्णा पुन्हा गच्चीवर गेले.

या गोष्टीत आण्णांचा दोष आहेच. पण तो एकट्या त्यांचा नाही. आपल्या समाजातील पुष्कळ घरांत आचाराची चौकट इतकी घट्ट असते की तिच्या आत राहून "मला व्यसन आहे" असे म्हणण्यास जागाच उरत नाही. जेथे बटाटा वर्ज्य, तेथे सिगारेटचा उच्चार कसा करायचा? म्हणून माणूस ओढतो आणि लपवतो. लपवतो म्हणून त्याला मदत मिळत नाही. मदत मिळत नाही म्हणून ओढतच राहतो. व्यसनाला गुप्ततेएवढा विश्वासू पहारेकरी दुसरा नाही.

आण्णांच्या बाबतीत विशेष हे, की सिगारेट सोडण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नव्हते असे मुळीच नाही. दरवर्षी दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत ते एकही सिगारेट ओढत नसत. तीस वर्षांत तीस वेळा त्यांनी ती सोडली होती! पहिल्या चार दिवसांत डोके जड व्हायचे, चिडचिड व्हायची, झोप उडायची. घरचे समजत, एकाशनाने होत असेल. अनंत चतुर्दशी व्हायची, क्षमावणी व्हायची, आणि लगेच एखाद्या संध्याकाळी वखारीमागे काडी पेटायची.

शरीराच्या बाजूने पाहिले तर हे कोडेच वाटते. सिगारेटचा झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. रक्तातील त्याचे प्रमाण दोनएक तासांत निम्म्यावर येते, आणि म्हणूनच नियमित ओढणाऱ्याला तास-दीड तासाने पुन्हा तलफ येते. ओढणे थांबवले की दोन-तीन दिवसांत शरीरातले निकोटिन जवळजवळ संपते. रक्तातील कार्बन मोनॉक्साइड तर एक-दोन दिवसांतच उतरतो. अस्वस्थता, चिडचिड, लक्ष न लागणे, भूक वाढणे हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत निवळतो. म्हणजे दहा दिवसांच्या अखेरीस आण्णा दरवर्षी सर्वांत अवघड चढ चढून गेलेले असत. मग परत का फिरत?

उत्तर साधे आहे. त्या दहा दिवसांत सारे घर, सारे मंदिर, सारा समाज एकाच नियमाने चालत असे. कोणी एकाशन, कोणी उपवास. ज्याने त्याने काही ना काही सोडलेले. आण्णांनी काय सोडले आहे हे कोणाला ठाऊक नसले तरी सोडणाऱ्यांच्या मेळाव्यात ते एकटे नव्हते. अकराव्या दिवशी सगळ्यांचे नियम सुटत आणि आण्णांना आपला नियम एकट्याने, तोही चोरून, पाळावा लागे. ते त्यांना एकदाही जमले नाही.

रुग्णालयातून आल्यावर तिसऱ्या आठवड्यात वखारीमागे त्यांना मुकादमांनी पाहिले. दुसरा कोणी असता तर एक तर नजर चुकवून गेला असता, नाही तर उपदेश करून. मुकादम जवळ आले आणि म्हणाले, "आण्णा, परवाच दवाखान्यातनं आलाय. मी काय बोलणार न्हाई. फकस्त उद्या अकराला च्याला या, आन् आज किती झाल्या तेवढं खरं सांगा." स्वतः मुकादमांनी सात वर्षांपूर्वी बिडी सोडली होती, तीही दोन साथीदार हमालांबरोबर एकाच दिवशी. रोजचे एक बंडल जात असे. बिडी सौम्य असते हा समज चुकीचा आहे. तेंदूच्या पानातून हवा सहज खेळत नाही, म्हणून बिडी विझू नये यासाठी वरचेवर आणि जोराने झुरके घ्यावे लागतात आणि विषारी वायू व डांबर अधिकच आत जाते. पोते पाठीवर घेतले की मुकादमांना दम लागू लागला होता. पोट पाठीवर असलेल्या माणसाला तेवढी सूचना पुरली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आण्णांनी सांगितले, "सात." तीस वर्षांत हा आकडा त्यांनी प्रथमच दुसऱ्या माणसासमोर उच्चारला होता. सौद्यात लाखोंचे आकडे सहज बोलणारा माणूस या एका आकड्याला अडखळला. मुकादमांनी मान डोलावली, आणि पहिले काम दिले ते सिगारेट सोडण्याचे नव्हते. डॉक्टरांकडे एकट्याने जाऊन ती नोंद दुरुस्त करून यायची होती. आण्णा गेले. डॉक्टर रागावले नाहीत. प्रकृती पाहून त्यांनी निकोटिनच्या गमबद्दल समजावले, तो सारखा न चघळता थोडा चावून गालात धरून ठेवायचा असतो हे सांगितले आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावले.

घरी पत्नीला सांगताना मात्र आण्णांचा धीर सुटला. त्यांनी सुरुवात केली तोच त्या म्हणाल्या, "अहो, तुमचा दुसरा रुमाल सत्तावीस वर्षं मी वेगळा धुते." सासऱ्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून त्यांनीही ते गुपित सांभाळले होते. एकाच घरात दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवावी आणि दोघांनाही ती ठाऊक असावी, हा संसाराचा प्रकार मोठा विचित्र. पण तो अपवादात्मक नाही.

येथे एक शंका कोणी घेईल. पत्नीला माहीत होतेच, तर मग यार्डातल्या सोबतीची गरज काय? गरज अशी, की घरचे माणूस विचारते तेव्हा त्या विचारण्यात काळजीबरोबर तपासणीही येते. शर्टाचा वास घेतला जातो, चेहरा न्याहाळला जातो, आणि माणूस पुन्हा लपवू लागतो. ज्याने स्वतः तलफ सोसली आहे त्याच्या प्रश्नात तपासणी नसते. तलफ वळवाच्या सरीसारखी असते, झोडपते फार पण पाच-दहा मिनिटांत सरते, हे ज्याने अनुभवले आहे तोच ते खात्रीने सांगू शकतो. "पाच मिन्टं थांबा, पाणी प्या, मला फोन लावा," एवढेच मुकादमांचे औषध. फोनवर ते बहुधा हळदीच्या भावाविषयीच बोलत!

सोबतीच्या या बळाला शास्त्राचाही आधार आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ पासून हृदयविकाराचा दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातील १२,०६७ व्यक्तींची १९७१ ते २००३ या काळातील माहिती घेऊन निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी कोण कोणाचा नातलग, मित्र, सहकारी याचे जाळे मांडले आणि धूम्रपान कसे सुटत गेले ते पाहिले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार माणसे एकएकटी नव्हे, तर गटागटाने सिगारेट सोडतात. पतीने वा पत्नीने सोडल्यास जोडीदार ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते. मित्राने सोडल्यास ३६ टक्क्यांनी, भावाने वा बहिणीने सोडल्यास २५ टक्क्यांनी. व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावा असा आकडा आणखी एक आहे : लहान पेढीत बरोबर काम करणाऱ्याने सोडल्यास ही शक्यता ३४ टक्क्यांनी घटते. सख्ख्या भावापेक्षा गादीवर शेजारी बसणाऱ्याचा परिणाम मोठा!

अर्थात सोबत म्हणजे जादू नव्हे. पायरीपाशी सुरुवातीला सहाजण होते. दोघे गळाले, त्यांतला एक अजून समोरच्या गाड्यावर ओढताना दिसतो आणि ओळखीचे हसतो. त्याला कोणी टाळत नाही, बोलावणेही थांबवलेले नाही.

गुळाच्या व्यापाऱ्यांची गोष्ट अधिक बोलकी आहे. त्यांच्या रोज पंधरा होत्या. एक्केचाळीस दिवस शून्य राहिले. मग भाच्याच्या लग्नात रात्री वरातीच्या वेळी जुन्या मित्रांत एक पेटली, एकाच्या पाच झाल्या. दुसऱ्या दिवसापासून शेठ पायरीकडे फिरकले नाहीत. चहा दुकानातच मागवू लागले. अकराव्या दिवशी मुकादम त्यांच्या गाळ्यात गेले आणि अर्धा किलो गूळ मागितला. घाऊक गाळ्यात अर्धा किलो! शेठनी न बोलता ढेपेचा तुकडा तोडून दिला. पैसे देताना मुकादमांनी हळूच विचारले, "किती?"

"त्या रात्री पाच. आता रोज तीन."

"आधी पंधरा हुत्या न्हवं? मंग बारा कमीच हायत की. उद्या या शेठ, गुळाचा च्या करू."

शेठ आले, पण त्यांच्या येण्यावरून चौघांत वाद झाला. तरुण दलालाचे म्हणणे, दिवस पुन्हा एकपासून मोजायचे, नाही तर नियमाला अर्थ नाही. आण्णांचे म्हणणे, एक्केचाळीस दिवस झाले ते झालेच, ते खोडता येत नाहीत. शेवटी दोन आकडे ठेवायचे ठरले : एकूण शून्याचे दिवस आणि सध्याचे सलग दिवस. हा तोडगा योग्यच म्हटला पाहिजे. कर्जाचा एक हप्ता चुकला म्हणून आधी फेडलेले हप्ते कोणी रद्द करीत नाही; आणि बहुतेकांना कायमचे सुटण्याआधी एकाहून अधिक वेळा प्रयत्न करावे लागतात, हे जगभरच्या डॉक्टरांचे अनुभवाचे बोल आहेत. चुकण्यापेक्षा चुकल्यानंतरचे तोंड लपवणे अधिक महागात पडते.

त्याच तरुण दलालाच्या बाबतीत एक वेगळीच चूक पुढे आली. सिगारेट सुटली, पण तोंडाला चाळा हवा म्हणून तो दिवसभर सुगंधी सुपारी चघळू लागला. आपल्या घरांत सुपारीला प्रतिष्ठा आहे. जेवणानंतरच्या ताटलीत ती आदराने पुढे येते, त्यामुळे कोणाला काही वावगे वाटले नाही. वस्तुस्थिती अशी, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला, तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीलाही, कर्करोगकारक ठरवले आहे. सिगारेटच्या जागी सुपारी, मावा किंवा गुटखा घेणे म्हणजे एका सावकाराचे फेडण्यासाठी दुसऱ्याच्या दारी जाणे होय. तेव्हापासून पायरीवर बडीशेपेची डबी आली. ती आण्णांच्या घरून येते, आणि ती भाजून कोण देते हे सांगायला नको.

पैशाचा हिशेब व्यापाऱ्यांना सांगण्याची गरज नसते. पण आश्चर्य असे की दिडकीदिडकीचा जमाखर्च मांडणारे हे लोक हा खर्च कुठेच मांडत नाहीत. एक सिगारेट पंधरा रुपयांची धरली तर दहांचे दीडशे, महिन्याचे साडेचार हजार. हीच रक्कम दहा वर्षे सात टक्के दराने आवर्ती ठेवीत भरली तर भरणा होतो पाच लाख चाळीस हजार आणि हाती येतात पावणेआठ लाखांच्या आसपास. याहून मोठी रक्कम आयुष्याची आहे. ब्रिटिश डॉक्टरांची १९५१ पासून पन्नास वर्षे नोंद ठेवणाऱ्या सर रिचर्ड डॉल यांच्या प्रसिद्ध अभ्यासात असे दिसले, की तिशीत सिगारेट सोडणाऱ्याचे सुमारे दहा वर्षांचे, चाळिशीत सोडणाऱ्याचे नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्याचे सहा आणि साठीत सोडणाऱ्याचेही तीन वर्षांचे आयुष्य वाचते. ‘आता या वयात सोडून काय उपयोग’ असे म्हणणाऱ्या आजोबांनी शेवटचा आकडा पुन्हा वाचावा.

ज्यांना अशी पायरी सापडलेली नाही त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. तो सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, फक्त पाकीट घाईने खिशात जात असल्याने वाचला जात नाही. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेतून २०१६ मध्ये ही सेवा सुरू झाली. तेथील समुपदेशक वडिलांना ओळखत नाहीत, शेजाऱ्यांना ओळखत नाहीत. आपल्या घरांतील संकोच पाहता हा त्यांचा मोठाच गुण समजला पाहिजे.

आण्णांना यंदाच्या हंगामात सलग चारशेहून अधिक दिवस झाले. वडिलांना त्यांनी अजून सांगितलेले नाही. सांगावे की नाही यावर पायरीपाशी पुष्कळ चर्चा झाली आणि एकमत झाले नाही. पण मध्यंतरी निराळीच वेळ आली. चोवीस वर्षांचा मुलगा आता पेढीवर बसतो. एका दुपारी त्याने रुमाल मागितल्यावरून आण्णांनी खुंटीवरच्या त्याच्या जाकिटात हात घातला. आत चार लवंगा होत्या आणि दोन रुमाल.

आण्णा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते पायरीपाशी सांगितले. दलाल म्हणाला, चांगले खडसवा. गुळाचे शेठ म्हणाले, त्याच्या आईकरवी सांगा. मुकादम बराच वेळ चहा ढवळत राहिले आणि म्हणाले, "आदी तुमचा आकडा सांगा त्येला. मंग त्येचा इचारा."

त्या रात्री आण्णा मुलाला घेऊन गच्चीवर गेले. महाविद्यालयातल्या पहिल्या सिगारेटपासून रुग्णालयातल्या "नाही"पर्यंत सारे सांगितले. आजोबांना आजही ठाऊक नाही, हेही सांगितले. मुलाने बराच वेळ कठड्याकडे पाहत ऐकले. मग आण्णांनी विचारले, "किती?"

"चार. कधी पाच."

मुलगा पायरीपाशी येत नाही. वडिलांच्या मित्रांत उभे राहायला त्याला संकोच वाटतो, आणि ते साहजिक आहे. मात्र दहा वाजता बापलेक एकत्र वर जातात. खाली आजोबांना वाटते, दोघे शतपावली घालतात. दोघे ती घालतातही. गेल्या आठवड्यात एका रात्री उत्तर "दोन" आले, पुढच्या रात्री पुन्हा "चार". आण्णांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि खिशातली बडीशेप पुढे केली.